आग्र्याची खुशखबर

धुळ्यात भर बाजारातून जाणाऱ्या रस्त्याला लोक आजही आग्रा रोडच म्हणतात. मुंबईहून निघालेला हा जुना मार्ग नाशिक, मालेगाव, धुळे, शिरपूर करत सेंधव्यापाशी सातपुडा ओलांडतो आणि इंदूर, ग्वाल्हेर मागे टाकून आग्र्याला पोचतो. इंग्रजांच्या काळात या रस्त्याच्या दोन्ही टोकांना वेड्यांची इस्पितळं उभी राहिली. आग्र्याचं १८५९ सालचं, ठाण्याचं १९०१ सालचं. मधल्या खान्देशाच्या वाट्याला एकही आलं नाही. पुढे महाराष्ट्र झाला तेव्हा त्याच्याकडे ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी चार सरकारी मनोरुग्णालयं होती. खान्देशातल्या जामनेरच्या माणसाला ही चारही सारखीच परकी.

अंतर एकवेळ परवडलं असतं. पण १९१२ चा वेडेपणाचा कायदा थेट १९९३ पर्यंत चालू होता, आणि त्याच्या वाटेने जायचं तर डॉक्टरांचे दाखले आणि दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागे. घरातला मुलगा आजारी पडला म्हणून कोर्टाची पायरी चढायची, ही कल्पना शेतकऱ्याला कशी पचावी? त्यापेक्षा शेजारचा बुलढाणा जिल्हा जवळचा. तिथे सैलानी बाबांचा दर्गा आहे. होळीला तिथे नारळांची होळी पेटते आणि ‘बाहेरची बाधा’ झालेल्यांना घेऊन माणसं लांबलांबून येतात. सैलानीला हुकूम लागत नाही, दाखला लागत नाही, आणि आईला मुलासोबत राहता येतं. लोक भगताकडे आणि दर्ग्यावर का जातात याचं निदान निम्मं उत्तर एवढ्यात आहे. उरलेल्या निम्म्याला अंधश्रद्धा म्हणा. पण नुसतं तेच म्हणत बसलं की इस्पितळाच्या दाराला असलेलं कुलूप दिसत नाही.

दरम्यान औषधं आली होती. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोन बंगाली वैद्यकांनी सर्पगंधाच्या मुळीबद्दल १९३१ मध्येच लिहिलं होतं. १९५२ मध्ये पॅरिसला क्लोरप्रोमाझिनचा गुण दिसला आणि कानात आवाज येणं, कोणीतरी पाळतीवर आहे असं वाटणं, विचारांची सगळी घडीच विस्कटणं, या गोष्टी गोळीने आटोक्यात येऊ शकतात हे जगाला कळलं. स्किझोफ्रेनिया आणि त्याच्या कुळातल्या आजारांना डॉक्टर मिळून सायकोसिस म्हणतात. हे आजार बहुधा ऐन उमेदीत गाठतात, बारावीच्या वर्षापासून लग्नाच्या वयापर्यंत. आता प्रश्न उरला तो असा: हा आजार सगळीकडे एकच आहे का, आणि सगळीकडे सारखाच बरा होतो का?

याचं उत्तर शोधायला जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात नऊ देशांतली नऊ केंद्रं एकत्र आणली. लंडन, वॉशिंग्टन, मॉस्को, प्राग, डेन्मार्कमधलं ऑर्हुस, कोलंबियातलं काली, नायजेरियातलं इबादान, तैपेई आणि आग्रा. शीतयुद्ध ऐन भरात असताना मॉस्को आणि वॉशिंग्टनचे मनोविकारतज्ज्ञ एकच प्रश्नावली हातात घेऊन बसले, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. आग्र्याची बाजू तिथल्या मनोरुग्णालयाचे डॉ. के. सी. दुबे सांभाळत होते. लंडनच्या जॉन विंग यांनी बांधलेली मुलाखत वापरायची, एकाच रुग्णाचं बोलणं दोघा डॉक्टरांनी समोर बसून ऐकायचं, आपापले गुण वेगवेगळे मांडायचे आणि मग ते ताडून पाहायचे, अशी शिस्त होती. आग्र्याचा डॉक्टर ज्याला भ्रम म्हणतो त्याला लंडनचाही म्हणतो की नाही, हे आधी पक्कं झालं. नऊ ठिकाणचे मिळून १,२०२ रुग्ण नोंदले गेले.

आजाराची ओळख सगळीकडे पटली. धक्का बसला तो पुढे. दोन वर्षांनी त्याच रुग्णांना पुन्हा गाठलं, तर इबादान आणि आग्र्याचे रुग्ण ऑर्हुस, लंडन, वॉशिंग्टनच्या रुग्णांपेक्षा चांगल्या स्थितीत निघाले. जिथे डॉक्टर मुबलक, खाटा मुबलक, तिथे आजार चिवट. जिथे काहीच नाही तिथे माणूस लवकर सावरलेला. १९७९ मध्ये हा अहवाल आला. चूक तर नाही ना, म्हणून १९७८ पासून दहा देशांत दुसरा, अधिक काटेकोर अभ्यास सुरू झालेलाच होता. त्यात आग्र्याच्या जोडीला चंडीगढ आलं, शहर वेगळं आणि आसपासची खेडी वेगळी धरून. डॉ. एन. एन. विग यांच्या तिथल्या चमूने घरात रुग्णाशी कोण कसं बोलतं तेही मोजलं. लंडनच्या मानाने इथल्या घरांत टोचून बोलणं कमी आढळलं. या दुसऱ्या अभ्यासाचा निकालही पहिल्याच्याच बाजूने गेला.

ही आग्र्याची खुशखबर. ती आपल्याला किती आवडली असेल याची कल्पना करता येते. पाठ्यपुस्तकांत ती शिरली, भाषणांत शिरली. एकत्र कुटुंब, शेतातलं सोपं काम, मोडलेल्या माणसालाही सामावून घेणारं गाव, अशी कारणं दिली जाऊ लागली. त्यात तथ्य होतं. खळ्यावर बसून शेंगा फोडणाऱ्याला कोणी बायोडेटा विचारत नाही, आणि ऑर्हुसच्या कारखान्यात तशी जागा नसते. पण एक सोय नकळत झाली. घरच बरं करत असेल तर सरकारने दवाखाना काढायची घाई कशाला? १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम कागदावर आला आणि बरीच वर्षं बहुतांशी कागदावरच राहिला. जिल्ह्यांसाठीची योजना यायला १९९६ उजाडलं. या दिरंगाईला खुशखबर जबाबदार होती असं म्हणणं अन्यायाचं होईल. पण तिने दिरंगाईची बोचणी कमी केली, एवढं नक्की.

एक शंका मद्रासमधून आली. डॉ. शारदा मेनन यांनी १९८४ मध्ये तिथे ‘स्कार्फ’ ही संस्था सुरू केली होती. तिथल्या संशोधकांनी इस्पितळात आलेल्यांना मोजण्याऐवजी वस्तीत घरोघरी जाऊन विचारलं. १९९८ मध्ये छापून आलेल्या त्यांच्या पाहणीत स्किझोफ्रेनियाच्या जवळपास एक तृतीयांश रुग्णांना कधीच, कोणताच उपचार मिळालेला नव्हता. तेही मद्राससारख्या शहरात, हाकेच्या अंतरावर इस्पितळ असताना. आणि उपचार न झालेल्यांत मोठ्या, एकत्र कुटुंबातली माणसं जास्त दिसली. ज्या घराने आग्र्यात नाव कमावलं तेच घर इथे वेगळं दिसू लागलं. दहा माणसांच्या घरात एक कोपऱ्यात बसून राहिला तरी गाडा चालतो. कोणीतरी ताट सरकवतं, कोणीतरी आंघोळ घालतं. वर्षं निघून जातात आणि सांभाळणं हाच उपचार होऊन बसतो.

आग्र्याच्या आकडेवारीत ही माणसं कुठे असतील? इस्पितळापर्यंत पोचलेल्यांचीच मोजणी झाली असेल तर आतल्या खोलीतला माणूस त्यात येणारच नाही. पुढे २००८ मध्ये कोहेन, पटेल, थारा आणि गुरेजे यांनी जगभरचे अभ्यास एकत्र मांडून हीच शंका उघडपणे विचारली. त्यातल्या आर. थारा या स्कार्फच्याच. गरीब देशांत निकाल बरा असतो हे गृहीत धरू नका, असं त्यांचं म्हणणं.

जगाच्या दुसऱ्या भागात तोवर प्रश्नच बदलला होता. १९९२ मध्ये मेलबर्नला पॅट्रिक मॅकगॉरी आणि सहकाऱ्यांनी केवळ पहिल्यांदा आजारी पडलेल्या तरुणांसाठी वेगळं केंद्र काढलं. पहिलं लक्षण दिसल्यापासून पहिला नीट उपचार मिळेपर्यंतचा काळ जितका लांब, तितकी पुढची वाट अवघड, असं दिसू लागलं होतं. मग हा काळ कमी करून दाखवता येतो का? नॉर्वेत स्टॅव्हँगरच्या परिसरात १९९७ ते २००० या काळात ते करून पाहिलं गेलं. वर्तमानपत्रांत, रेडिओवर, सिनेमागृहांत जाहिराती दिल्या. शाळाशाळांतून शिक्षकांशी बोलले. कोणीही फोन करावा आणि पथकाने लगेच भेटायला जावं, अशी सोय केली. अशी मोहीम नसलेल्या दुसऱ्या भागांत उपचारापर्यंतचा मधला काळ सोळा आठवड्यांचा होता, तर इथे तो पाच आठवड्यांवर आला. मोहीम थांबवली तसा तो पुन्हा वाढला. औषधं तीच, डॉक्टर तेच. फरक पडला तो लोकांना माहीत असण्याने आणि दार उघडं असण्याने.

स्टॅव्हँगरमध्ये आठवड्यांचा हिशेब चालू असताना आपल्या सातपुड्यापलीकडे वर्षांचा चालू होता. बडवानी म्हणजे खान्देशाच्या उंबऱ्यावरचं गाव. शहाद्याहून खेतिया ओलांडलं की त्या जिल्ह्याची हद्द, शिरपूरकडून सेंधव्याला गेलं तरी तीच. तिथल्या आशाग्राम ट्रस्टची सुरुवात कुष्ठरुग्णांच्या पुनर्वसनापासून झाली. १९९० च्या दशकात डॉ. सुदीप्तो चटर्जी यांनी त्याच संस्थेत मानसिक आजारांचं काम उभं केलं. योगायोग म्हणा, पण जागा चपखल होती. ज्या माणसाला गाव बाहेर काढतं त्याला पुन्हा गावात कसं बसवायचं, याचा सराव त्या संस्थेला आधीपासून होता.

नुसता बाह्यरुग्ण विभाग चालवून भागेना. माणसं एकदा येत, गोळ्या नेत आणि पुन्हा दिसत नसत. गाडीभाड्यात मजुरी जायची, गोळीने तोंड कोरडं पडायचं, हात थरथरायचे, आणि घरच्यांना वाटायचं की औषधानेच बिघडला. म्हणून तीन पातळ्यांची रचना केली. वर दवाखाना आणि डॉक्टर. मध्ये गावांतूनच निवडून तयार केलेले कार्यकर्ते. खाली कुटुंब आणि गावातली मानाची चार माणसं मिळून बनवलेली समिती. घरी जाणारा कार्यकर्ता कधी आंघोळीपासून सुरुवात करे, कधी बैलाला पाणी दाखवण्यापासून, कधी बाजारात एकट्याने जाऊन मीठ आणण्यापासून.

याचा उपयोग होतो का, हे तपासायला विक्रम पटेल आणि हेलन वाइस या संशोधकांसोबत अभ्यास आखला गेला. २०७ रुग्ण. त्यातल्या १२७ जणांना गावपातळीवरचं काम, ८० जणांना फक्त दवाखाना. एक वर्षाने पाहिलं तर गावातल्या कामाशी टिकून राहिलेल्यांचं पंगुत्व जास्त कमी झालं होतं. २००३ मध्ये हा निकाल प्रसिद्ध झाला. पण मला अधिक मोलाचा वाटतो तो त्यानंतरचा, सुमारे चार वर्षांच्या पाठपुराव्याचा. कोण सावरलं आणि कोण नाही, याची कारणं त्यात वेगळी काढली आहेत. गोळ्या नियमित घेणं हे अपेक्षितच होतं. त्याच्या जोडीला निघालं ते घरच्यांचा कार्यक्रमात सहभाग आणि बचत गटाचं सदस्यत्व. महिन्याला चार पैसे टाकणाऱ्या वर्तुळात माणसाला जागा मिळते तेव्हा त्याचं नाव पुन्हा हजेरीत येतं. आग्र्याने कुटुंबाला दिलेलं श्रेय बडवानीत खोटं ठरलं नाही. त्याला अट लागली. घराच्या पाठीशी कोणीतरी दारात येणारं हवं.

आता सातपुडा उतरून पुन्हा धुळ्यात येऊ. मूळचे धुळ्याचे जगन्नाथ वाणी कॅनडात कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नीला स्किझोफ्रेनिया होता. परदेशात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांत अशी गोष्ट दाराआडच राहायची. वाणींनी ती उघड केली आणि १९९७ मध्ये पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ स्थापन केली. रुग्णांचे नातेवाईक एकत्र बसून बोलू शकतील असे गट तिथे सुरू झाले. तोपर्यंत सगळं संशोधन डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी केलेलं होतं. घरचा माणूस माहिती देणारा होता, माहिती मागणारा नव्हता. वाणींसारख्या लोकांनी ती बैठक बदलली. पुढे त्यांनी ‘देवराई’ची निर्मिती केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट २००४ मध्ये आला. अतुल कुलकर्णींचा शेष आणि त्याला सांभाळताना स्वतः पिळवटून निघणारी त्याची बहीण सीना हे अनेक मराठी घरांना आरशासारखे वाटले. नॉर्वेवाल्यांनी सिनेमागृहातल्या जाहिरातींवर खर्च केला, आपल्याकडे ते काम एका अख्ख्या चित्रपटाने केलं. कॅनडा सरकारने वाणींना ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ दिली. धुळ्यात मात्र त्यांचं नाव जास्त घेतलं जातं ते का. स. वाणी मराठी प्रगत अध्ययन संस्थेमुळे, म्हणजे भाषेच्या कामामुळे.

बडवानीतून निघालेली कल्पना पक्क्या चाचणीला लागली ती २००९ मध्ये. तीन ठिकाणं ठरली: तामिळनाडूचा ग्रामीण भाग, गोवा आणि आपला सातारा. स्कार्फ, गोव्याची ‘संगथ’ ही संस्था, लंडनचे संशोधक, पैसा वेलकम ट्रस्टचा. साताऱ्याची बाजू मनोविकारतज्ज्ञ हमीद दाभोलकर यांच्याकडे होती. २८२ रुग्ण चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले. १८७ जणांना दवाखान्यासोबत घरी येणारा प्रशिक्षित कार्यकर्ता मिळाला, ९५ जणांना फक्त दवाखाना. कार्यकर्ते डॉक्टर नव्हते, नर्सही नव्हते. पहिले तीन महिने दाट भेटी, मग पंधरवड्याने, शेवटी महिन्याने. गोळ्यांची पाकिटं पाहायची. लाळ गळते का, झोप जास्त येते का, विचारून डॉक्टरला कळवायचं. दिवसाचा क्रम लावून द्यायचा. सरकारी सवलतीचे कागद भरून द्यायचे. आणि घरच्यांना बोलू द्यायचं, जे दवाखान्याच्या पाच मिनिटांत कधीच होत नाही.

२०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेला निकाल प्रामाणिक आहे, म्हणून थोडा निराश करणाराही आहे. रोजच्या व्यवहारातलं पंगुत्व घरभेटींच्या गटात अधिक कमी झालं. लक्षणांत फरक होता, पण किरकोळ. वीस टक्क्यांहून जास्त सुधारलेल्यांचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच, निम्म्याच्या आसपास. स्पष्ट फायदा दिसला तो ग्रामीण तामिळनाडूत, जिथे आधीच्या सोयी सर्वांत तुटपुंज्या होत्या. गोवा आणि साताऱ्यात तेवढा नाही. माझ्या मते खान्देशाने वाचावी ती हीच ओळ. जिथे काहीच नाही तिथे घरभेटीचा गुण जास्त. जामनेर, बोदवड, अक्कलकुवा किंवा धडगाव यांची जात साताऱ्यापेक्षा त्या तामिळ खेड्यांशी जुळते.

त्यानंतरचं काम लवकर ओळखण्याकडे वळलं. चेन्नईच्या, म्हणजे पूर्वीच्या मद्रासच्या, स्कार्फने मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाशी जोडी जमवली. अशोक मल्ला, श्रीविद्या अय्यर, आर. पद्मावती, थारा ही त्यातली नावं. दोन्ही शहरांत पहिल्यांदाच आजारी पडलेल्या तरुणांना एकाच पद्धतीची दोन वर्षांची सेवा दिली आणि तुलना केली. भ्रम आणि भास दोन्हीकडे आटोक्यात आले. उत्साह नसणं, न बोलणं, स्वतःत मिटून जाणं या चिवट लक्षणांत चेन्नईचे रुग्ण पुढे निघाले, आणि चेन्नईत कुटुंब जास्त काळ उपचारांशी जोडलेलं राहिलं. चाळीस वर्षांनी आग्र्याच्या खुशखबरीतला खरा भाग हाती लागला, आणि तोही घराला दवाखान्याची साथ दिल्यावर. मुलाला पहिल्याच टप्प्यात आणलं आणि आईला सोबत बसवलं, तर आपलं कुटुंब मॉन्ट्रियलपेक्षा भारी पडतं.

खान्देशात आज काय आहे? धुळ्याचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय जुनं, जळगावचं २०१८ चं. म्हणजे मनोविकाराचा विभाग शोधायला जामनेरकराला आता ठाणे गाठावं लागत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार हा हक्क ठरवला आणि साखळीने बांधण्यावर बंदी घातली. २०२२ पासून १४४१६ हा टेलीमानसचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. तरी २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत सायकोसिसच्या दर चारपैकी तिघांना उपचार नव्हते, आणि त्या पाहणीसाठी निवडलेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. मध्य प्रदेश होता, गुजरात होता. म्हणजे खान्देशाच्या उत्तरेचं आणि पश्चिमेचं राज्य मोजलं गेलं, मधला पट्टा राहिला.

घरोघरी जाणारी माणसं मात्र आपल्याकडे तयार आहेत. दर वर्षी कुष्ठरोग आणि क्षयरोगाच्या शोधमोहिमेत आशाताई जामनेर तालुक्यातल्या प्रत्येक वस्तीत दार ठोठावतात. अंगावर चट्टा आहे का, खोकला किती दिवसांचा आहे, असे प्रश्न ठरलेले असतात. बडवानीत मानसिक आजारांचं काम उभं राहिलं ते कुष्ठरोगाचं काम करणाऱ्या संस्थेतच. कॉलेज सोडून तीन-चार महिने खोलीतच बसलेला, रात्र रात्र जागणारा, एकटाच बोलणारा कोणी घरात आहे का, हा प्रश्न त्या यादीत घालायला वेगळी इमारत लागत नाही. विचारल्यानंतर होकार आला तर त्याच आठवड्यात कोण भेटायला जाणार, एवढं आधी ठरवून ठेवावं लागेल.